भाषण करायचं कसं अन् ऐकायचं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवजयंती झाली की भीमजयंती, मग गणपती, त्याला लागूनच १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, मधे ग्रामसभा, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धा, सत्कार, निरोप समारंभ. आपल्या मराठवाड्यात वर्षभर कुठं ना कुठं माईक चालूच असतो आणि प्रत्येक सीझनच्या आधी मला तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जिथं दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथं नंबर दिलाय. बोलण्याचे म्हणून विचारलेले निम्मे प्रश्न खरं तर ऐकण्याचे निघतात, त्यामुळं फक्त भाषणापुरतं वाचून पळू नका.

१. बोलायला उभं राहिलं की पाय लटलट कापतात, तोंड कोरडं पडतं. ही भीती कधी जाते का?

पूर्ण जात नाही आणि जायला पण नको. शरीराला वाटतं काहीतरी धोका आलाय, मग ॲड्रेनलिन सुटतं, त्यानं ठोके वाढतात, थुंकी आटते, हाताला थरथर सुटते. मुरलेल्या वक्त्याला पण हे होतं, फक्त त्याला ते ओळखीचं झालेलं असतं. 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावून फार फरक पडत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचे प्रयोग २०१४ साली छापून आले, त्यात बोलायच्या आधी 'मला जाम उत्साह आलाय' असं म्हणणाऱ्यांची भाषणं 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस निघाली. धडधड थांबवायच्या मागं न लागता तिलाच कामाला लावायचं.

बाकी करायचं काय, तर अर्धा तास आधी जाऊन रिकाम्या स्टेजवर एकदा उभं राहून घ्या, खुर्च्या कुठपर्यंत आहेत बघा, माईक कुठंय बघा. नंबर यायच्या आधी चार-पाच वेळा श्वास घ्या आणि घ्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावा. हातातला पातळ कागद थरथरताना मागच्या रांगेला पण दिसतो म्हणून जाड कार्ड घ्या, जुन्या लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू लई कामाला येते. पहिली दोन वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत, तेवढी निघाली की बहुतेकांची थरथर आपोआप कमी होते.

२. भाषण पाठ करावं, बघून वाचावं का असंच मनानं बोलावं?

शब्दन् शब्द पाठ करू नका. एका ओळीला अडकलं की पुढचं सगळंच जातं, शिवाय डोळे छताकडं लागतात आणि लेकरू कविता म्हणतंय असं वाटतं. नुसतं वाचून दाखवलं तर लोक चहाला उठतात. सुरुवात आणि शेवट पक्का पाठ, मधले मुद्दे कार्डवर दोन-दोन शब्दांत, असं करा. प्रॅक्टिस मात्र उभं राहून मोठ्यानं करायची, मनातल्या मनात बोलताना कुणीच अडखळत नसतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज विचित्र वाटेल, तो सगळ्यांनाच वाटतो, कारण बोलताना आपल्याला आपला आवाज कवटीच्या हाडांतून पण येत असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून गेलेला असतो. आकडे, ठराव, दुसऱ्याचं वाक्य आणि सत्कारमूर्तींची नावं एवढं मात्र बघूनच वाचा, तिथं हुशारी नको.

३. सुरुवातीला स्टेजवरच्या सगळ्यांची नावं घ्यावीच लागतात का?

नाही. सूत्रसंचालकानं ती एकदा घेतलेली असतात, त्याच्या आधी प्रास्ताविकवाल्यानं घेतलेली असतात, आणि तुमच्या आधीच्या तिघांनी पण. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि 'व्यासपीठावरचे सगळे मान्यवर अन् समोर बसलेले माझे माय-बाप' एवढं पुरतं. अर्धवट यादी हा सगळ्यात वाईट प्रकार, सहा नावं घेतली आणि सातवं राहिलं की तो माणूस भाषणभर रुसून बसतो. एक तर दोनच घ्या नाहीतर सगळी घ्या. पद आधी विचारून घ्या, जिल्हा परिषद सदस्याला पंचायत समितीत बसवू नका. माजी सरपंचाला सरळ 'सरपंच' म्हटलं तरी गावात कुणी हरकत घेत नाही, एकदा झालेला सरपंच तसाही कायमचा सरपंच असतो.

नावं झाली की 'मला दोन शब्द बोलायची संधी दिली त्याबद्दल' वगैरे सोडून द्या, थेट विषयात उडी मारा. १७ सप्टेंबरचं भाषण असेल तर 'देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आपल्याकडं तिरंगा हातात घेणाऱ्याला निजामाचे पोलीस पकडत होते, आपल्याला आणखी तेरा महिने थांबावं लागलं' असं सुरू करून बघा, मागं गप्पा मारणारी पोरं पण माना वर करतात.

४. स्पर्धेत पाच मिनिटं असतात. किती लिहावं, किती मुद्दे घ्यावे?

नीट कळेल असं मराठी बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटाला पाचशे-सहाशे. तुम्ही साडेचार मिनिटांचंच बसवा, कारण टाळ्या, अडखळणं, माईक खालीवर करणं यात वेळ जातोच. मुद्दा एक, त्याला आधार दोन किंवा तीन. 'स्त्री काल, आज आणि उद्या' असा विषय असला की पोरी सीतामाईपासून अंतराळवीरापर्यंत सगळ्यांना एकेक ओळ देतात आणि परीक्षकाच्या लक्षात एक पण राहत नाही. त्याऐवजी एकटी सावित्रीबाई घ्या, पण नीट घ्या.

पहिली घंटा इशाऱ्याची असते. ती वाजली की जिथं असाल तिथून सरळ शेवटाकडं वळा, म्हणूनच शेवट पाठ पाहिजे (प्रश्न २). दुसऱ्या घंटेनंतर पण बोलत राहिलात तर आवाज कितीही खणखणीत असू द्या, मार्क जातात.

५. कीर्तनकार महाराज दोन-दोन तास बोलतात अन् लोक हालत नाहीत. त्यांच्यासारखं बोललं तर चालेल का?

स्टाइल उचलू नका, रचना उचला. आपल्याकडं ही शाळा फुकटात मिळते आणि आपण पैसे भरून कोर्स लावतो याची मला गंमत वाटते. नरसीचे नामदेव, पैठणचे एकनाथ, गंगाखेडच्या जनाबाई, जांबचे रामदास हे सगळे याच मुलखातले, गावातलं लेकरू कळायला लागायच्या आधीपासून कीर्तनाला बसतं.

आता नीट बघा तिथं काय घडतं. वारकरी कीर्तनात महाराज निरूपणाला एकच अभंग घेतात. पाच नाही. त्याचं एक चरण उलगडायचं, त्यावर प्रमाण म्हणजे संतांचंच आधाराचं वचन द्यायचं, एक दृष्टांत सांगायचा आणि परत त्याच चरणावर यायचं, त्यामुळं मधे उठून तंबाखू मळून आलेल्या माणसाला पण कळतं की गाडी कुठं आलीय. दुसरं म्हणजे मधेमधे टाळ-मृदंग आणि भजन येतं, त्यात महाराजांचा घसा आणि श्रोत्यांचे कान दोन्हीला विश्रांती मिळते. नारदीय कीर्तनात तर सरळ दोन भागच असतात, पूर्वरंगात तत्त्व सांगायचं, मधे बुक्का-हार, आणि उत्तररंगात त्याच तत्त्वावरचं आख्यान. आधी म्हणणं, मग गोष्ट. तुमच्या दहा मिनिटांच्या भाषणाला हे जसंच्या तसं लागू होतं, मृदंगाच्या जागी दोन सेकंद थांबा एवढंच.

आवाजाची चढउतार, मधेच विनोद, बाया-पुरुषांना टोमणे ही नक्कल केली तर मात्र हसं होतं. राजकीय नेत्यांचं पण तेच. मुंडे साहेब, विलासराव यांच्या लकबी करणारी पोरं प्रत्येक कॉलेजात असतात, टाळ्या पडतात, पण त्या टाळ्या साहेबांना असतात.

६. मी 'काय करायलास', 'कुठं जायलास' असंच बोलतो. पुण्यात पोरं हसतात. भाषा बदलावी का?

गावात, जयंतीत, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात अजिबात बदलू नका. तिथं पुस्तकी बोलणारा माणूस सरकारी योजनेची जाहिरात वाटतो. मुलाखतीत, कोर्टात, ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये प्रमाण भाषा वापरा, त्यात लाज बिज काही नाही, जागेनुसार कपडे बदलतो तसं ते. फक्त अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नका, 'मी करतो आहे' म्हणता म्हणता मधेच 'करायलोय' निसटलं की बोलणारा स्वतःच दचकतो आणि मुद्दा विसरतो. तसं निसटलंच तर पुढं जा, दुरुस्त करत बसू नका.

खरी अडचण वेगळीच असते. आपण वाक्याचा शेवट गिळतो. क्रियापद येईपर्यंत आवाज खाली गेलेला असतो आणि मराठीत तर 'झालं' का 'झालं नाही' ते शेवटीच कळतं. रोज पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचा आणि शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतक्याच आवाजात काढा. ण-न, ळ-ल, श-स यावर काम करायचं तर करा, पण ते याच्यानंतर.

७. हातांचं काय करू? आणि बघू कुठं?

हात बाजूला मोकळे सोडा, गरज पडली की ते आपोआप उठतात. खिशात, पाठीमागं किंवा माईकच्या वायरशी चाळा एवढं टाळा. नजर एका माणसावर एक वाक्य संपेपर्यंत ठेवा, मग दुसऱ्या बाजूच्या माणसावर. बायका एका बाजूला बसलेल्या असतील तर त्या बाजूला पण बघा, निम्मे वक्ते तिकडं बघतच नाहीत.

८. आमच्या कोर्समध्ये सांगितलं की परिणाम ७ टक्के शब्दांचा, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के देहबोलीचा असतो. मग शब्दांवर मेहनत काहून करायची?

करायची, कारण हा आकडा चुकीच्या जागी चिकटवलाय. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून तो आला. त्या प्रयोगात भाषणं नव्हतीच. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय का नाही. म्हणजे शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी माणूस भावना कशावरून ओळखतो एवढाच प्रश्न होता. हे गणित सगळ्या बोलण्याला लावू नका असं मेहराबियन यांनी स्वतः सांगितलंय. खरंच ५५ टक्के देहबोली असती तर तेलुगू सिनेमा सबटायटल बंद करून निम्म्याच्या वर कळला असता की. तोंडानं 'आनंद झाला' म्हणताना चेहरा दहाव्याला आल्यासारखा ठेवू नका, या प्रयोगातून घ्यायचं ते एवढंच.

९. मी बोलायला लागलो की माईक कुई करतो. माझ्याच आवाजात काही दोष आहे का?

दोष तुमचा नाही, जागेचा. स्पीकरमधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, तो पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो, त्या चक्राची ती शिट्टी. त्यामुळं स्पीकरच्या पुढं जाऊन उभं राहू नका, मागच्या बाजूला राहा. माईकच्या जाळीवर मूठ आवळून धरू नका, त्यानं शिट्टी वाढते, खाली दांड्याला धरा. तोंडापासून चार बोटं लांब, आणि तोंड वळवलं की माईक पण वळवा. फुंकर मारून, टकटक करून टेस्ट करायची गरज नाही, 'नमस्कार' म्हटलं तरी कळतं.

देवळाच्या सभामंडपात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भोंगा लावला असेल तर आवाज घुमतो, तिथं जोरात बोलून उपयोग नाही, उलट हळू बोला आणि दोन वाक्यांत जास्त थांबा. आणि साउंडवाल्या पोराला आधी नावानं हाक मारून ठेवा, अडचण आली की धावत तोच येतो.

१०. भाषणाच्या दिवशी नेमका आवाज बसतो. काय करू?

आदल्या रात्री मिरवणुकीत घोषणा देऊ नका, हा पहिला उपाय. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा, स्टेजवर चढताना घटाघटा पिऊन फायदा नाही. आवाज बसलेला असताना कुजबुजू पण नका, त्यानं बऱ्याच जणांच्या घशाला जास्तच ताण बसतो, त्यापेक्षा गप्प बसा. सारखं खाकरणं पण वाईट. तीन-चार आठवडे आवाज घोगराच राहिला, आणि त्यात तंबाखूची सवय असेल तर, मध-आलं बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

११. ऐकण्यात शिकण्यासारखं काय आहे? कान आहेत, ऐकू येतं.

आवाज कानात जाणं आणि ऐकणं यात फरक आहे, पण तो उपदेश मी करत नाही, अडचण सांगतो. माणूस बोलतो सावकाश, डोकं चालतं त्याच्या कितीतरी पट जोरात. मधला जो मोकळा वेळ उरतो त्यात आपण कापसाचा भाव, गॅसचा नंबर, पोराची फी सगळं फिरून येतो आणि परत येईपर्यंत समोरच्याचं एक वाक्य गेलेलं असतं. अमेरिकेत राल्फ निकोल्स यांनी १९५० च्या दशकात यावर बरंच काम केलं, त्यात ऐकून उठल्या उठल्या विचारलं तरी लोकांना साधारण निम्मंच आठवत होतं.

मग त्या मोकळ्या वेळाला काम द्या. हा माणूस आता कुठं चाललाय याचा अंदाज बांधा, आत्तापर्यंत काय म्हणाला ते मनात एका वाक्यात गोळा करा, आणि जे तो सांगत नाहीये ते हुडका. सालगडी उचल मागायला येतो आणि दहा मिनिटं बैलाच्या दुखण्यावर बोलतो, तेव्हा ऐकायचं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. आणखी एक, त्याचं संपायच्या आधी आपलं उत्तर तयार करायला घेऊ नका, ज्या क्षणी उत्तर जुळवायला लागलात त्या क्षणी ऐकणं बंद झालं. पाहिजे तर कागदावर एक शब्द लिहून ठेवा आणि परत त्याच्याकडं या.

१२. ऐकताना मधे 'हां, हां' म्हणावं का गप्प बसावं?

म्हणावं. गप्प बसून टक लावून बघणारा श्रोता हा आपल्याकडचा प्रकार नाहीच. आजी गोष्ट सांगायची तेव्हा 'हूं' दिलं नाही तर गोष्ट थांबायची. वली आणि सिराज या जुन्या उर्दू शायरांच्या औरंगाबादेत, आत्ताच्या संभाजीनगरात, मुशायऱ्याला बसा, श्रोते 'इर्शाद' म्हणून शेर मागतात, आवडला तर 'मुकर्रर' म्हणून परत म्हणायला लावतात, शायर त्यावरच रंगतो. भजनात तर अख्खा गाव चरण उचलून धरतो.

फक्त हुंकार त्याच्या बोलण्याला असावा, लवकर आवर म्हणून नसावा. 'हां हां हां कळलं' हे तीनदा घाईत म्हटलं की समोरच्याला बरोबर कळतं. आणि मोबाईल उलटा टेबलवर ठेवून भागत नाही, खिशात ठेवा.

१३. मी सगळं ऐकतो तरी घरचे म्हणतात तुमचं लक्षच नसतं. ऐकलंय हे दाखवायचं कसं?

त्यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्यांना परत सांगून. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये या पद्धतीवर लिहिलं, तिला आता सक्रिय श्रवण म्हणतात. बांधावरून दोन भावांत भांडण आहे समजा. मोठा म्हणतो, 'तू दरवर्षी नांगराचं एक तास माझ्या रानात शिरतोस.' धाकट्यानं लगेच 'तूच शिरतोस' न म्हणता म्हणायचं, 'म्हणजे तुझं असं म्हणणं की नांगरट करताना मी मुद्दाम बांध कोरतो.' मोठा म्हणेल, 'मुद्दाम नाही रे, पण ट्रॅक्टरवाल्याला तू सांगत नाहीस.' बघा, भांडण बांधाचं होतं ते ट्रॅक्टरवाल्याचं निघालं. समोरचा 'हां, हेच' म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. मान्य करायची गरज नाही, फक्त बरोबर सांगता आलं पाहिजे. पोपटासारखे त्याचेच शब्द परत म्हणू नका, ते चिडवल्यासारखं वाटतं.

१४. ग्रामसभेत बोलायला उठले की 'ताई बसा, नंतर बघू' म्हणतात. काय करावं?

आधी हक्क समजून घ्या. गावच्या मतदार यादीत नाव आहे म्हणजे तुम्ही ग्रामसभेच्या सभासद आहात, बोलायला कुणाची परवानगी काढून आलेल्या पाहुण्या नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास, आणि नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी असेल तेवढे लोक लागतात.

आता बोलण्याचं. विषय आधी लेखी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या आणि पोच घ्या. महिला सभेत तोच विषय मांडून ठराव करून घ्या, म्हणजे मोठ्या सभेत तुम्ही एकट्या नसता. उठल्यावर मागणी आधी सांगा, कहाणी नंतर: 'वरच्या गल्लीचा हातपंप बंद आहे, दुरुस्तीचा ठराव आजच घ्या.' कहाणीनं सुरुवात केली की मागणी येईपर्यंत कुणीतरी 'बसा' म्हणतंच. 'बसा' म्हटलं तर आवाज चढवू नका, उभ्याच राहा आणि तेच वाक्य तसंच परत म्हणा. सोबतच्या दोघी-तिघींना आधीच सांगून ठेवा की त्यांनी पण उठून तेच म्हणायचं.

आणि शेवटपर्यंत थांबा. काय ठरलं म्हणून इतिवृत्तात लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा, कान देऊन ऐका. 'चर्चा झाली' आणि 'ठराव मंजूर' यात हातपंपाइतका फरक आहे.

१५. मधेच सगळं विसरलं तर?

थांबा. तुम्हाला ते मिनिटभर वाटतं, लोकांना दोन सेकंद. शेवटचं वाक्य पुन्हा सावकाश म्हणा, कार्डाकडं बघा, नाहीच आलं तर पुढच्या मुद्द्याला जा. काय सुटलं ते फक्त तुम्हाला माहीत असतं, 'सॉरी, विसरलो' म्हणून ते जाहीर करू नका.

१६. कुणी मधेच उठून उलटसुलट प्रश्न विचारला किंवा गोंधळ घातला तर?

आधी ओळखा तो कोण आहे. खरंच अडचण असलेला माणूस असेल तर बोलू द्या, त्याचा प्रश्न माईकवर परत सांगा, कारण मागच्यांना ऐकू आलेला नसतो आणि तेवढ्यात तुम्हाला पण विचार करायला वेळ मिळतो (प्रश्न १३ ची पद्धत इथं चालते). उत्तर माहीत नसेल तर 'माहिती काढून सांगतो' म्हणा आणि कधी ते पण सांगा.

पिऊन आलेला किंवा पाठवलेला असेल तर त्याच्याशी माईकवरून जुंपून घेऊ नका, तुमच्याकडं भोंगा आहे आणि त्याच्याकडं नाही त्यामुळं लोकांना तोच बिचारा वाटायला लागतो. थांबा, आयोजकांकडं बघा, बाकी काम गावातली माणसं करतात. जातीवरून, देवावरून काही बोलला तर उत्तर म्हणून विनोद तर अजिबात करू नका.

१७. मी तोतरा बोलतो. स्पर्धेत भाग घ्यावा का?

घ्या. तोतरेपणा बुद्धीचा दोष नाही आणि लहानपणी कुणी घाबरवल्यामुळं लागतो असं पण नाही, मेंदूच्या बोलण्याच्या यंत्रणेतला आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला तो फरक आहे. बरेच जण गाताना किंवा सगळ्यांसोबत एका सुरात म्हणताना अजिबात अडखळत नाहीत. सुरुवातीलाच 'मी मधे अडखळेन, थोडं सांभाळून घ्या' सांगून टाकलं की लपवायचा ताण जातो, बऱ्याच जणांना त्यानं मोकळं बोलता येतं. मोठ्या सरकारी दवाखान्यात वाचा-उपचार मिळतात का ते विचारा. ऐकणाऱ्यांसाठी एकच, त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करून देऊ नका.

१८. आजोबांना कमी ऐकू येतं. ओरडून सांगितलं तरी 'काय?' म्हणतात.

ओरडूनच कळत नसतं. वयामुळं कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ, त असली अक्षरं. ओरडलं की स्वर मोठे होतात, अक्षरं तशीच पुसट राहतात. त्यांच्या समोर, उजेडात तोंड करून, जाड आवाजात सावकाश बोला. टीव्ही बंद करा. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य परत न म्हणता शब्द बदलून सांगा. सभेत म्हाताऱ्यांना पहिल्या रांगेत बसवा, ती रांग तशीही पुढाऱ्यांसाठी राखून रिकामीच असते.

१९. दहाव्याला श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला सांगतात. काय बोलावं?

खरंच दोन मिनिटं. माणसाची एक खरी आठवण सांगा, जी फक्त त्याच्याच बद्दल असेल, आणि बसा. 'मनमिळाऊ, सुस्वभावी, परोपकारी' हे प्रत्येक दहाव्याला ऐकून घरच्यांचे कान किटलेले असतात. स्वतःच्या संस्थेची, पक्षाची माहिती देऊ नका. 'देवाला चांगली माणसं आवडतात' हे तरणं पोर गेलेल्या आईला तर सांगूच नका. आत्महत्या झालेली असेल तर कशी केली त्याचं वर्णन नको, 'सुटला बिचारा' असलं नको, समोर त्याच अडचणीतला दुसरा माणूस बसलेला असू शकतो.

२०. कर्जात, नापिकीत अडकलेला मित्र मन मोकळं करायला येतो. मला काय बोलावं सुचत नाही.

सुचायची गरज नाही, तो ऐकवायला आलाय. 'अरे सगळ्यांचंच असंय', 'माझं तर बघ', 'टेन्शन घेऊ नको' ही तीन वाक्यं आपल्या तोंडावरच असतात, तिन्हीनं तो गप्प होतो. शेजारी बसा, समोरासमोर नको, बांधावर बसून एकाच दिशेला बघत माणूस जास्त बोलतो. 'मग पुढं?' एवढं पुरतं. सल्ला त्यानं मागितला तर.

'आता काही राहिलं नाही', 'माझ्यानंतर लेकरांकडं बघ' असं काही बोलला तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्यानं डोक्यात ते शिरतं अशी भीती असते, तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, फवारणीच्या औषधाचा डबा घरातून हलवा, घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सांगा, आणि टेली मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर लावून द्या, फुकट आहे, दिवस-रात्र चालू असतो. इथं 'कुणाला सांगू नको' हा शब्द देऊ नका, तो पाळता येत नाही.

२१. कार्यक्रम तीन तास लांबतो, माझा नंबर रात्री पावणेदहाला येतो. तयार केलेलं वीस मिनिटांचं भाषण करू का?

अजिबात नको. लोकांना भूक लागलीय, बायकांचं अर्धं लक्ष झोपलेल्या लेकरांकडं आहे, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. वर्षातले काही ठराविक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, तो आजचा दिवस आहे का ते आयोजकांनाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येक भाषणाची तीन मिनिटांची छोटी आवृत्ती कार्डाच्या मागं लिहून आणायची: एक मुद्दा, एक प्रसंग, पाठ केलेला शेवट. 'वेळेअभावी मी फार बोलणार नाही' असं म्हणून वेळ घालवू नका. बंद करायची वेळ साउंडवाल्याला विचारा, त्याला पक्की माहीत असते, मशीन जप्त झालं तर जातं त्याचंच.